वाटीभर गेरू

आमचं बिऱ्हाड अबू धाबीत कंपनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि त्या फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर बाबांनी पहिलं काम केलं ते खिडक्यांना फॉइल लावायचं. पोळ्या गुंडाळतात तीच चकचकीत फॉइल, काचेला आतून साबणाच्या पाण्यानं चिकटवलेली आणि कडेनं तपकिरी टेप मारलेली. ऊन परतवायला तिथे बरेच जण लावायचे. बाबांचं कारण मात्र दुहेरी होतं. आमची पुढची खोली सामायिक गॅलरीवर उघडायची, आणि गॅलरीतून येणारा-जाणारा आत बघेल याची त्यांना उन्हापेक्षा मोठी धास्ती. "आपल्याला बाहेरचं दिसलं नाही तरी चालेल, पण बाहेरच्याला आपलं दिसता कामा नये," असं म्हणत त्यांनी कोपरे दोन-दोनदा दाबले, मग बाहेर जाऊन काचेला नाक लावून स्वतः खात्री करून आले. काही दिसत नाही म्हणाले आणि जेवायला बसले.

संशय आमच्या घरात मिठासारखा होता, प्रत्येक गोष्टीत चिमूटभर. बाबा मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत, लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन यार्डात स्टोअर सांभाळायचे. पहाटे कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी अंगाला ग्रीसचा वास घेऊन यायचे. दिवसभर कोण काय उचलून नेतोय यावर नजर ठेवायची हाच त्यांचा धंदा, त्यामुळे घरी आल्यावरही ती नजर काही चपलांबरोबर दाराशी निघत नसे. दूधवाल्या मल्याळी दुकानदारानं तारीख खोडली असेल, एसीचा मेकॅनिक मुद्दाम गॅस कमी भरत असेल, शाळेची बस जवळच्या रस्त्यानं न जाता लांबच्या रस्त्यानं का जाते, असे प्रश्न ते चहाबरोबर घ्यायचे. आईचा संशय वेगळ्या जातीचा. ती बी.एस्सी. झालेली, कराडच्या सासूला विज्ञान समजावून सांगणारी बाई होती, पण माझ्यानंतर दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नका म्हणून सांगितलं, आणि ती पपईच्या फोडीपासून लोकांच्या कौतुकापर्यंत सगळ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागली.

त्यामुळे त्या उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो नाही. इमारत रिकामी झाली. जुलैमध्ये तिथली सगळी कुटुंबं गावी जातात आणि जिन्यात फक्त एसीचं पाणी ठिबकण्याचा आवाज उरतो. मी नुकतीच नववीत गेले होते. आई पुढच्या खोलीत दिवाणावर आडवी, आणि मी तिच्या हुकमाबरहुकूम स्वयंपाकघरात. "आता मोहरी तडतडली ना? मग हिंग. अगं, वास आला नाही मला अजून." वरणभात, भेंडी, आणि पोळ्या जमल्या नाहीत की दुकानातली अरबी रोटी, खुबूस, त्यावर तूप आणि गूळ. शुक्रवारी दळवी यायचे. ते बाबांच्या यार्डात वेल्डर, मालवणकडचे, कंपनीच्या कामगार कॅम्पवर आठ जणांच्या खोलीत राहायचे. येताना बाजारातून मासे साफ करून आणायचे आणि आमच्याकडे घरचं जेवायचे. आठवड्यातून घरात ऐकू येणारा चौथा आवाज तेवढाच. आईनं मला आणखी एक काम लावलं होतं: रोज एक पान मराठी लिहायचं. शाळेत हिंदी होतं, अरबी होतं, मराठी नव्हतं, आणि मी तिच्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर द्यायचे. "बोलू नकोस, निदान लिही तरी," म्हणायची. दोनशे पानी वही दिली होती. पण रिकाम्या इमारतीत रोज लिहायचं काय?

विषय आयता चालून आला. गॅलरी काटकोनात वळायची, आणि त्या वळणावरच्या खोलीत जूनच्या शेवटी एक माणूस राहायला आला. उंच, काळा, पन्नाशीकडे झुकलेला, चालताना किंचित वाकणारा. नाव सलीमू. टांझानियाचा, आणि बाबांच्याच कंपनीत पेंटर, म्हणजे तयार टाक्यांवर मोठ्या अक्षरात नंबर आणि धोक्याच्या सूचना रंगवणारा. कॅम्पवर जागा नव्हती म्हणून त्याला तात्पुरतं इथे टाकलं होतं. फॅमिली लोकांच्या इमारतीत बॅचलर, एवढंच तिथे पुरेसं असतं. तो बॅचलर आहे की त्याला गावाकडे चार मुलं आहेत हे कोणी विचारत नाही. बायको बरोबर नाही म्हणजे बॅचलर. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे काही बरं लक्षण नाही."

लक्षणं मग रोज दिसायला लागली. पेंटरांची पाळी पहाटेची, त्यामुळे तो दुपारी साडेतीनलाच घरी यायचा, येताना यार्डातून लोखंडी पत्र्यांचे तुकडे आणायचा, दाराएवढे, टेबलाएवढे, आणि गॅलरीच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. त्यावर समुद्राचं पाणी ओतायचा. कॅन भरून आणायचा, त्याचा शेवाळी वास आमच्यापर्यंत यायचा. दोन दिवसांत पत्रे तांबडे गंजायचे. मग त्यांना तो काहीतरी चोळायचा, खरवडायचा, आणि तो खर्र-खर्र आवाज दुपारच्या शांततेत आमच्या भिंतीतून यायचा. काही पत्र्यांना भोकं होती, शेकडो, कुठे दाट, कुठे विरळ. बाबांचा संशय ताबडतोब माल चोरण्यावर गेला. "ऑफकट आहेत म्हणे, कापून उरलेले. आज ऑफकट नेतोय, उद्या पूर्ण शीट नेईल." आईचा संशय वेगळीकडे. एक दिवस कचरा टाकून परत येताना मी तिला सांगितलं की त्याच्या दाराबाहेरच्या डब्यात अर्धी कापलेली लिंबं आहेत, खूप, आणि सगळ्यांना लाल रंग लागलाय. आई दिवाणावर उठून बसली. आता कोणाही मराठी माणसाला विचारा, गर्भार बाईच्या घराशेजारी लाल लावलेली कापलेली लिंबं म्हणजे काय. करणीवर विश्वास नाही म्हणणाऱ्यालाही दुसरं काही सुचणार नाही. लिंबाच्या आम्लानं लोखंड लवकर गंजतं हे त्या बी.एस्सी. झालेल्या बाईला माहीत होतं आणि नववीतल्या मलाही. त्या क्षणी ते दोघींनाही आठवलं नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत सलीमू आला. खिडकीच्या फॉइलला मी आईच्या सुईनं एक भोक पाडलं आणि पेन्सिलीनं मुगाच्या दाण्याएवढं केलं. डोळा अगदी काचेला लावला की त्याचं दार दिसायचं. मी वेळ घालून लिहायचे. ‘चार वाजून दहा. दोन लिंबे. पत्र्यावर लाल माणूस काढला, त्याला तोंड नाही. चार पंचेचाळीस. आकाशाकडे पाहिले. बोटाने मोजले.’ ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि वाचताना लक्षात येतं की मला मराठी लिहायला शिकवलं ते शेजाऱ्यावरच्या पाळतीनं. बाबा घरी आले, हातपाय धुतले, चहा घेतला, की विचारायचे, "हं, आजचा रिपोर्ट?" मी वाचून दाखवायचे. बाबांनी माझं इतकं मन लावून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. माझे मार्क विचारताना त्यांचं लक्ष पेपरात असायचं. आता कप हातात तसाच राहायचा.

ऑगस्टमध्ये एका रविवारी काहीच घडलं नाही. तो कामावरून उशिरा आला, सरळ खोलीत गेला, दार लावलं. माझं पान कोरं होतं. बाबा चहा घेऊन बसले आणि म्हणाले, "हं?" मी वही मिटली आणि म्हणाले, "ही लुक्स इनसाइड, बाबा. व्हेन ही पासेस. फ्रॉम द विंडो."

बाबांनी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"सम डेज."

आई म्हणाली, "बघा. मी सांगत होते." तिला बिचारीला काय माहीत. मी का बोलले ते पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलंय. लहान होते, एकटी होते, कंटाळले होते, ही सगळी उत्तरं खरी आहेत आणि त्यातल्या एकावरही माझा विश्वास नाही. मला बाबांचा कप थांबलेला बघायचा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसात ॲडमिनच्या साहेबांना भेटले. काय बोलले ते संध्याकाळी ते घरी आल्यावर त्यांच्याच तोंडून ऐकलं. "स्पष्ट सांगितलं. म्हटलं, सर, माय वाइफ इज बेडरिडन, घरात वयात आलेली मुलगी आहे. बॅचलर आदमी खिडकी से झाँकता है. ते म्हणाले, खलास, वी विल सी." बाबा बोलताना छाती काढून बोलत होते. त्यांचं एका वर्षात एवढं कोणी ऐकून घेतलं नसावं, माझ्यासारखंच.

त्याच रात्री जेवणाआधी कराडहून आजीचा फोन आला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलायची, समुद्रापलीकडे आवाज पोचायला हवा म्हणून. बुधवारी सूर्यग्रहण, खग्रास, तुमच्याकडेही दिसणार. सुरी-कात्री हातात धरायची नाही, शिवायचं नाही, बघायचं तर मुळीच नाही. आणि पोटावर गेरूचा हात फिरवायचा. "गाभण गाईला लावतोच की आपण! माणसाला नको?" आई "बरं, बरं" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर बाबांना म्हणाली, "मला यातलं काही पटत नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "गेरू कुठे मिळेल पण?"

मंगळवारी बाबांनी तीन भारतीय किराणा दुकानं पालथी घातली. कुंकू मिळालं, होळीचा रंग मिळाला, एकानं इन्शाल्ला पुढच्या महिन्यात मागवून देतो म्हणून सांगितलं. रात्री हात हलवत परत आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "यार्डात रेड ऑक्साइड प्रायमर आहे. पाच लिटरचा डबा. तेही मूळचं तेच असतं." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते अंघोळीला निघून गेले. मला अजून तो प्रसंग आठवला की हसू येतं. त्या आठवड्यातली हसण्यासारखी गोष्ट ती एवढीच.

बुधवारी बाबा कामावर होते. ग्रहण तीनच्या सुमाराला लागायचं होतं. दोन वाजल्यापासून आई दिवाणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. अडीचला तिनं मला हाक मारली. तिच्या हातात स्टीलची वाटी होती आणि दहा दिरहमची नोट. "वळणावरच्याकडे आहे. तो घरी आहे, खरवडल्याचा आवाज येतोय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो लालच लावतो ना पत्र्यांना. तांबडी माती आहे का विचार. प्रायमर असला तर नको. दारातच उभी राहा. आत जाऊ नकोस. काही खायला दिलं तर घेऊ नकोस." मी म्हटलं, "बट आई, यू सेड ही डझ…" ती म्हणाली, "जा म्हटलं ना. ग्रहण लागायच्या आत ये."

मी दार वाजवलं तेव्हा मला एक साधी गोष्ट खटकायला हवी होती: बुधवार, कामाचा दिवस, आणि तो घरी कसा? त्यानं दार उघडलं. हात मनगटापर्यंत तांबडे. मागे पलंगावर गादी गुंडाळलेली होती आणि खाली एक सूटकेस उघडी पडलेली. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही. माझं लक्ष भिंतींकडे गेलं होतं. आत्तापर्यंत मी ते पत्रे मुगाएवढ्या भोकातून, कडेनं, तुकड्या-तुकड्यांनी पाहिले होते. आता ते समोर उभे होते. गंजाच्या तपकिरी-नारिंगी रंगावर गडद तांबड्या रंगातली लांबलचक माणसं, काडीसारखे पाय, डोक्यावर केसांचे मोठे झुबके, तोंड नाहीच. एक जिराफ, मान पत्र्याच्या कडेबाहेर गेलेली. वर्तुळात वर्तुळ, त्याच्यात वर्तुळ, त्यातून निघणाऱ्या रेघा. आणि वर सगळीकडे ती भोकं. खिडकीला टेकवलेल्या पत्र्यातून ऊन येत होतं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे शेकडो ठिपके पडले होते. तेव्हा मला कळलं की ती भोकं म्हणजे तारे आहेत.

मी वाटी पुढे केली. त्याला माझं इंग्रजी कळत होतं, पण तो यार्डातलं हिंदी बोलायचा. मी कसंबसं सांगितलं, आईला पाहिजे, लाल माती, एक्लिप्ससाठी, बेबीसाठी.

"कितना महीना?" त्यानं विचारलं.

"फाइव्ह."

त्यानं मान हलवली, जणू हे मागणं रोजचंच. दुधाच्या पावडरीच्या एका जुन्या डब्यातून चमच्यानं माती काढून वाटीत घातली, वाटी हलवून सारखी केली. "प्युअर है. पेंट नहीं. मेरे गाँव का मिट्टी. हमारे उधर भी ऐसा. बच्चा आता, लाल मिट्टी. आदमी जाता, लाल मिट्टी." मग त्याला माझी नजर दिसली असावी. जिराफाकडे बोट दाखवून म्हणाला, "गाँव के ऊपर बड़ा पत्थर है. उसपे ये सब है, लाल. किसने बनाया? मेरा दादा को नहीं मालूम. उसका दादा को भी नहीं मालूम. दादा तारा देखके बोलता था, बारिश कब आएगा. मैं दोनों को एक साथ रखता. बस." थोडं थांबून म्हणाला, "चार बजे आना. ये दीवार देखना. सूरज कटेगा तो एक-एक तारा भी कटेगा. सब छोटा-छोटा चाँद बनेगा."

मी नोट पुढे केली. त्यानं ती माझ्या मुठीत परत दाबली, डब्यातून आणखी एक चमचा माती काढून वाटीत घातली, आणि आमच्या खिडकीकडे हनुवटीनं खूण केली. "कॉपी में लिखती हो ना, सब? उंगली पे स्याही है. वो छोटा छेद. मेरे को मालूम. मैं भी छेद का ही काम करता." तो हसला, पण खिजवून नाही. "तो ये भी लिखना. सलीमू ने मिट्टी दिया."

मी "ओके" म्हणाले आणि पळत घरी आले.

आईनं वाटी हातात घेतली, वास घेतला, "लोखंडाचा वास येतोय," म्हणाली. मग देवांपुढे ठेवायला लावली. वर तुळशीचं वाळलेलं पान. मग माझ्या तळहातावर थोडी माती घालून पाण्यानं चोळायला लावली आणि पाच मिनिटं वाट पाहिली, मला काही होतंय का बघायला. हे लिहिताना जाणवतं की पोटच्या पोरीवर तिनं तो प्रयोग केला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मग ती पाठमोरी झाली, गाउन वर केला आणि पोटावरून हात फिरवला. वळली तेव्हा तिचा उजवा हात त्याच्या हातांसारखाच तांबडा होता.

ग्रहण लागलं. बाहेर मशिदीच्या भोंग्यावर नमाजाची वेळ नसताना आवाज सुरू झाला, ग्रहणाच्या खास नमाजाचा, लांबलचक, सावकाश. आई डोळे मिटून पडली होती आणि मी दिवाणाच्या पायाशी बसून घड्याळ बघत होते. चार वाजले. मला त्या भिंतीची आठवण येत होती. जाऊन येऊ का म्हणून विचारायची हिंमत नव्हती. तेवढ्यात आई दचकून उठली. तिच्या पांघरुणावर, पोटाच्या जरा खाली, उजेडाचा एक तुकडा पडला होता. रुपयाएवढा, पण गोल नाही. अर्ध्याहून जास्त खाल्लेला, कोयरीसारखा वाकडा. तिनं त्यावर हात ठेवला तर तो हातावर चढला. हात काढला तर परत पांघरुणावर. ज्याच्यापासून तिला दोन दिवस लपवत होतो तो ग्रहणातला सूर्य घरात येऊन तिच्या मांडीवर बसला होता.

मी उशी घेऊन खिडकीकडे धावले आणि भोक दाबून धरलं. खोलीत अंधार झाला.

"हे भोक कोणी पाडलं?" आईनं विचारलं.

"मी."

"कशाला?"

"टु सी. फॉर द रिपोर्ट."

भोंग्यावरचा आवाज थांबला होता. आई अगदी हळू म्हणाली, "पूर्ण खिडकीला फॉइल आहे, वृंदा. भोक तेवढं तू पाडलंस, तेही मुगाएवढं. मग त्याला आतलं कसं दिसायचं?"

मी उशी दाबून तशीच उभी राहिले, ग्रहण सुटेपर्यंत.

संध्याकाळी बाबा आले. आईनं अंघोळ केली होती, तरी तिच्या नखांत गेरू राहिला होता. त्यांनी वाटी पाहिली. "अरे वा, मिळाला? कोणी दिला?"

"वळणावरच्यानं. पैसेसुद्धा घेतले नाहीत," आई म्हणाली. मग म्हणाली, "तिला परत एकदा विचारा."

बाबा मला म्हणाले, "वृंदा. तू बघितलं होतंस ना? नक्की?" विचारत मला होते, पण बघत खिडकीकडे होते. काचेला नाक लावून ज्यांनी स्वतः खात्री केली होती, काही दिसत नाही म्हणून सांगितलं होतं, ते हेच. फोन त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. ॲडमिनच्या साहेबांचा नंबर त्यांना पाठ होता. मी नाही म्हणाले असते तर त्यांना तो फिरवावा लागला असता, आणि उद्या यार्डात सगळे म्हणाले असते की स्टोअरवाल्याची मुलगी खोटारडी. मला हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"येस, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. उठून स्वयंपाकघरातून फॉइलचा रोल आणला, एक चौकोनी तुकडा कापला, भोकावर ठेवला आणि चारी बाजूंनी टेप मारली. कोपरे दाबले. "आता बोललो तर मलाच विचारतील," असं काहीतरी पुटपुटले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या रात्री आम्ही सकाळचंच वरण गरम करून जेवलो, आणि ग्रहणाआधीचं अन्न खाऊ नये हे कोणालाच आठवलं नाही.

शुक्रवारी दळवी मासे घेऊन आले तेव्हा पिशवी ओट्यावर ठेवून उभेच राहिले. सलीमूचा व्हिसा कॅन्सल झाला होता. सकाळच्या विमानानं पाठवला. एका फॅमिलीची तक्रार होती म्हणे. "तो माणूस वायट नाय होतो, वहिनीनू. फोरमननंच सांगितलेला, भंगार पत्रे ने म्हणान. माझ्याच ड्रिलवर भोका पाडायचो. इचारलंय तर म्हणता, तारे. म्हटलंय, बाबा, पाड तारे." ते हसायला गेले आणि आमच्यापैकी कोणी हसत नाही हे बघून पिशवीची गाठ सोडायला लागले. पत्रे कंपनीचा पिकअप येऊन घेऊन गेला, भंगार म्हणूनच. बाबांनी दळवींना पुन्हा पुन्हा मासा वाढला. कोणत्या फॅमिलीची तक्रार, हे दळवींनी विचारलं नाही. त्यानंतर मात्र ते शुक्रवारी येईनासे झाले.

थंडीत माझा भाऊ झाला, धडधाकट, साडेतीन किलोचा. आजीनं कराडला पेढे वाटले आणि श्रेय गेरूला दिलं. उरलेली माती आईनं टाकली नाही, तुळशीच्या लग्नाला कुंडीला लावली. भाऊ हा आमच्या घरातला पहिला माणूस, ज्याला कशाचाही संशय येत नाही. तो कोणालाही किल्ली देतो, कोणालाही गाडीत घेतो. आई म्हणते हा कोणावर गेला कळत नाही.

काही वर्षांनी, मी कॉलेजात असताना, शारजात आफ्रिकी चित्रकारांचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. मी जाते म्हटलं तर बाबा म्हणाले, मी सोडतो. सोडून जातील असं वाटलं होतं, पण गाडी लावून आत आले. आयुष्यात चित्र बघायला न गेलेला माणूस, हात पाठीमागे बांधून, एकेका चित्रापुढे उभा. गार, पांढऱ्या भिंती, आणि त्यांवर तांबडी माणसं, बिंदूंची आभाळं, गुहेतले बैल आणि त्यांच्या शिंगांत अडकलेले ग्रह. बाजूला पाटीवर छापलं होतं की आजचे कलावंत प्राचीन शैलचित्रं आणि खगोल यांना कसे जोडतात. लोक हळू आवाजात वाखाणत होते. हे सगळं मी गंजलेल्या पत्र्यावर, लिंबाच्या वासात पाहिलं होतं, आणि करणी म्हणून वहीत लिहिलं होतं. मी प्रत्येक चित्राखालचं नाव वाचत गेले. शेवटच्या दालनात बघितलं तर बाबा एका भोकं पाडलेल्या पत्र्यापुढे कमरेत वाकून, चष्मा वर करून, नावाची चिठ्ठी वाचत होते. गाडीत बसून पट्टा लावल्यावर ते म्हणाले, "नव्हतं." मी म्हटलं, "नाही." आमच्यात त्या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

बाबा आता नाहीत. वही माझ्या टेबलावर आहे. ग्रहणाच्या आदल्या दिवशीच्या नोंदीनंतर पानं कोरी आहेत. मी "ओके" म्हणाले होते, पण लिहिलं नव्हतं. आज त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर, त्याच पद्धतीनं लिहिलं:

‘बुधवार. दुपारी पावणेतीन. वळणावरच्या सलीमूने दार उघडले. आईसाठी वाटीभर गेरू दिला, वर एक चमचा जास्त. पैसे घेतले नाहीत. तो आमच्या खिडकीत कधीही डोकावला नाही. मी खोटे सांगितले.’